आधी एक रजिस्टर बंद करून दाखवा

प्रश्न : मी घणसोलीत राहतो, वय ३६. महापेच्या एका वेअरहाउसमध्ये अकरा वर्षं आयटी सांभाळतोय, हातात ६० हजार पगार येतो. आमच्याकडे माल उतरवताना-चढवताना हँडहेल्ड स्कॅनर, म्हणजे हातात धरून बारकोड वाचायची यंत्रं वापरतात. ते चालू करून देण्यापासून बिघडले की शिव्या खाण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच. रबाळे, पावणे, तुर्भे भागात कितीतरी छोट्या कंपन्या अजून वहीवर चालतात. त्यांना हँडहेल्ड आणि मोबाइल ॲप बसवून द्यायचा धंदा मला आणि ठाण्यातल्या एका मित्राला सुरू करायचाय. ॲप तो बनवेल. एक डीलर २० डिव्हाइस एकदम घेतली तर पाच लाखांत देतो म्हणतोय. कोपरखैरण्याला मामांचा गाळा भाड्याने मिळतोय. बायकोचं म्हणणं, नोकरी सोडू नका. तर डिव्हाइस घेऊन ठेवू का? नोकरी सोडू का? आणि गिऱ्हाइकाला पैसे किती सांगायचे? नाव छापू नका, आमचे साहेब हे सदर वाचतात.

उत्तर : साहेब वाचतात म्हणालात, तर नोकरीचा विषय शेवटाकडे घेते. आधी ती वीस डिव्हाइस.

घेऊ नका. कुठल्या कामासाठी घेताय हेच अजून ठरलेलं नाही. तुमच्या वेअरहाउसमध्ये जे मॉडेल बिनबोभाट चालतं ते पलीकडच्या गल्लीत चालेलच असं नाही, आणि टीटीसी या आपल्या औद्योगिक पट्ट्यात तर दर दोन गेटांमागे कामाचा प्रकार बदलतो. तुर्भ्याच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजमध्ये पावसाळ्यात तासभर उभे राहा. आत उणे १८, बाहेर आपली दमट हवा. हातमोजे घातलेला माणूस आत मटारच्या खोक्यांवर स्कॅन मारतो, तोवर ठीक चाललेलं असतं. तो डॉकवर, म्हणजे गाडी लागते त्या फलाटावर आला की बघता बघता स्कॅनरच्या काचेवर वाफ धरते. तो बाहीने पुसतो, पुन्हा धरते. दोनदा पुसून झालं की खिशातलं पेन निघतं, पुठ्ठ्यावर नंबर लिहिला जातो आणि ‘नंतर टाकू’ होतं. तिथून पुढे तुमच्या ॲपमधला स्टॉक खोटा. त्यात थंडीत बॅटरी लवकर बसते आणि जाड मोज्यांचा स्पर्श साध्या टचस्क्रीनला कळत नाही. अशा जागेसाठी काच गरम ठेवणारी, बटणांची वेगळी मॉडेलं मिळतात. ती पंचवीस हजारांत येत नाहीत.

तळोज्याला किंवा पाताळगंगेला केमिकलचं गिऱ्हाईक मिळालं तर गोष्ट आणखी वेगळी. जिथे ज्वलनशील वाफा साचू शकतात त्या भागात साधा फोन न्यायलाच बंदी असते. ठिणगी पडणार नाही असं प्रमाणित केलेलं, इन्ट्रिन्सिकली सेफ म्हणतात तसं उपकरण लागतं आणि त्याची आपल्याकडची मंजुरी पेसोची, म्हणजे नागपूरच्या स्फोटक सुरक्षा कार्यालयाची. तुमची वीस डिव्हाइस तिथे गेटवरच्या लॉकरमध्ये राहतील. उलट लिफ्टची किंवा एसीची सर्व्हिस करणाऱ्या माणसाला स्वतःचा फोनच पुरतो. दिवसाला दहा-बारा स्कॅन तो कॅमेऱ्याने आरामात करेल. दिवसाला हजार स्कॅन मारणाऱ्याच्या हातात मात्र कॅमेरावाला फोन दिलात तर फोकस होण्याची वाट बघून तो दुपारपर्यंत वैतागेल. त्याला ट्रिगर आणि खरा इमेजर, म्हणजे बारकोड वाचणारा खास सेन्सरच हवा.

डीलर तुम्हाला आयपी ६७ सांगेल. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी चालतं. डॉकवर उपकरण बुडत नाही, हातातून पडतं. काँक्रीटवर किती उंचीवरून पडून शाबूत राहतं हे वेगळं विचारा, लेखी घ्या. त्या पाच लाखांच्या भावावरही मला शंका आहे. अँड्रॉइडची कुठली आवृत्ती आहे, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी आहे का, वायरलेससाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची मंजुरी आहे का, बॅटरी आणि क्रेडल (चार्जिंगचा स्टँड) तीन वर्षांनी सुटे मिळतील का, एवढं विचारा. उत्तराला टाळाटाळ झाली तर तो भाव स्वस्त नाही. ‘मग साधे फोनच कव्हर घालून देऊ’ असाही विचार येईल. दहा माणसांसाठी ते चालून जातं, पण वर्षभरात ते मॉडेल बाजारातून जातं. पुढचे पाच फोन वेगळे, त्यांचे क्रेडल वेगळे, आणि ॲप दोन ठिकाणी तपासायची पाळी मित्रावर.

म्हणून डीलरशी वेगळं बोला. दोन-तीन प्रकारची डेमो उपकरणं रिटर्नेबल चलनावर, म्हणजे परत द्यायच्या बोलीवर मागा. खरं गिऱ्हाईक दिसत असेल तर बहुतेक डीलर देतात. आणि ऑर्डर झाली की गिऱ्हाइकाने थेट डीलरकडूनच घ्यावं, त्याच्याच बिलावर. तुमचं भांडवल अडकत नाही, वॉरंटीचं भांडण तुमच्या दारात येत नाही. डीलरने तुम्हाला काही कमिशन दिलं तर ते गिऱ्हाइकाला सांगून घ्या. रबाळ्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

आता तुम्ही विकणार काय? पत्रात ‘हँडहेल्ड आणि ॲप’ लिहिलंय. मालकाला दोन्ही नकोय. त्याने कुठल्यातरी प्रदर्शनात ते पाहिलेलं असतं, भावही विचारलेला असतो. त्याला त्याच्याकडच्या एका ठरावीक रजिस्टरचा जाच संपवून हवा असतो, फक्त कुठल्या, हे त्याला नीट सांगता येत नाही. ते तुम्ही शोधायचं. कुठल्याही छोट्या कारखान्यात किंवा गोदामात गेट इनवर्ड, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), जॉब कार्ड, डिस्पॅच, मशिनच्या देखभालीची चेकलिस्ट, महिन्याची स्टॉक मोजणी अशा सात-आठ तरी वह्या चालू असतात. सगळ्या एकदम मोबाइलवर आणायला गेलात तर सहा महिन्यांनी वह्याही चालू असतील आणि तुमचं ॲपही. एकच निवडा आणि ती पूर्ण बंद होईपर्यंत दुसरीला हात लावू नका.

तुमची अकरा वर्षं बघता मी डिस्पॅचच निवडलं असतं. चुकीचं खोकं चुकीच्या गाडीत चढणं हा रोग तुम्हाला आतून माहीत आहे, आणि त्याची किंमत कागदावर सापडते. मालकाच्या केबिनमध्ये प्रेझेंटेशन देण्याआधी अकाउंट्सच्या माणसाकडे जाऊन बसा, चहा प्या आणि गेल्या सहा महिन्यांत गिऱ्हाइकांकडून आलेल्या डेबिट नोटा, म्हणजे चूक झाली म्हणून बिलातून पैसे कापल्याचे कागद मागा. माल कमी आला, दुसराच आला, लेबल वेगळं होतं, अशा नोटा बाजूला काढा, बेरीज करा. ती बेरीज हेच तुमचं प्रेझेंटेशन. महिन्याला चार हजार निघाली तर ते गिऱ्हाईक सोडून द्या, तुमचं बिलही त्यातून सुटणार नाही. चाळीस हजार निघाली तर मालक स्वतः खुर्ची पुढे सरकवेल.

दुसरी चांगली जागा ट्रान्सपोर्टवाल्यांकडे आहे. कळंबोलीला किंवा तुर्भ्याला कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारा, पैसे कुठे अडलेत. उत्तर येईल, पीओडीत. माल पोचल्याची सही-शिक्क्याची बिल्टी परत येईपर्यंत बिल लागत नाही, आणि ती बिल्टी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये सनशेडला खोचलेली कुठेतरी नाशिकच्या पुढे फिरत असते. ड्रायव्हरच्या फोनवरून उतरवल्या जागी फोटो, वेळ आणि ठिकाण आलं तर बिल कितीतरी आधी लागतं. काही कंपन्या मूळ कागदच मागतात, त्यांची यादी आधी करून घ्या, नाहीतर फोटो येऊनही घोडं तिथेच अडेल. इथे आपटून टिकणारं रग्ड उपकरण लागत नाही, पण ड्रायव्हर बदलत राहतात. म्हणून ॲप असं हवं की नव्या माणसाला एका चहात समजलं पाहिजे.

एक तिसरी संधी तुमच्या लक्षात आली असेलच. जुन्या वेअरहाउसमध्ये बटणांची विंडोजवाली हँडहेल्ड अजून दिसतात. विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबवला. ती उपकरणं बॅटऱ्या बदलून बदलून रेटली जाताहेत. तिथे हँडहेल्डचा उपयोग पटवून द्यावा लागत नाही, तीच स्क्रीन अँड्रॉइडवर आणून द्यायची असते. फक्त बटणांची सवय झालेल्या माणसाला काच दिली की त्याचा वेग पहिले काही दिवस पडतो, हे सुपरवायझरला आधी सांगून ठेवा.

सुपरवायझर म्हटलं, तर माणसांचं बोलू. रजिस्टर मालक लिहीत नाही आणि बंदही करत नाही. संध्याकाळी पाच ते आठ, गाड्या भरण्याच्या वेळेला डॉकवर जा, शिफ्ट बदलतानाही थांबा. उपकरण कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातं, चार्जिंगला कोण लावतं, कुणीच लावत नसेल तर सकाळी साडेसहाला काय होतं, हे तिथेच कळेल. माझ्या पाहण्यातल्या एका कारखान्यात उपकरणं उत्तम होती, क्रेडल मात्र मॅनेजरच्या केबिनमध्ये ठेवलेले आणि केबिनला रात्री कुलूप. रात्रपाळी रोज वहीवरच चालायची. कुणी वर्षभर ब्र काढला नाही.

माथाडी असतील तर मुकादमाला पहिल्या दिवशी भेटा. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे नवी मुंबईत या कामगारांची संघटना आणि त्यांचे हिशेब पक्के आहेत. मजुरी किती गोण्या, किती टन यावर ठरते. तुमचं यंत्र प्रत्येक खोकं मोजणार असेल तर ‘ही मोजणी आमच्या मजुरीला लावणार का?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. लावणार नसाल तर मालकाच्या तोंडून सांगायला लावा. लावणार असाल तर त्या वाटाघाटीत तुम्ही पडू नका. ऑफिसच्या आणि फील्डच्या माणसांचं लोकेशन घेणार असाल तर ड्युटी संपली की ते बंद झालं पाहिजे. कुठली माहिती घेतो, किती दिवस ठेवतो हे माणसाला त्याच्या भाषेत दाखवा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ‘कंपनीचा फोन आहे, कंपनी काहीही बघेल’ ही भाषा चालणार नाही.

मित्राला चार गोष्टी कळवा. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी रॅकच्या मध्ये वायफाय जातंच, म्हणून ॲप नेटशिवाय पूर्ण चाललं पाहिजे आणि नेट आल्यावर आपोआप माहिती पाठवली पाहिजे. प्रत्येक स्कॅनला उपकरणातच वेगळा क्रमांक द्या, नाहीतर नेट मधेच गेलं की तेच खोकं दोनदा चढलेलं दिसेल आणि त्या रात्री तुम्हाला झोप नाही. लॉगिनला पासवर्ड टाइप करायला लावू नका, गळ्यातल्या ओळखपत्राचा बारकोड स्कॅन झाला की पुरे. आणि चुकीचं खोकं आलं की स्क्रीन लाल होऊन भागत नाही. फोर्कलिफ्टच्या आवाजात थरथर हवी, वेगळा बीप हवा, आणि सुपरवायझरने मोकळं केल्याशिवाय पुढचा स्कॅन होता कामा नये. मजकूर मराठीत आणि हिंदीत द्या. ‘सबमिट’ कळतं, ‘रिकन्साइल’ कळत नाही.

टॅलीला जोडून द्या अशी मागणी पहिल्या भेटीतच येईल. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं, टॅली सहसा ९००० पोर्टवर एक्सएमएल घेतं. पण पहिले दोन महिने टॅलीत थेट नोंद घालू नका. अकाउंटंटला रोज संध्याकाळी एक एक्सेल द्या, तो तपासून स्वतः आत घेईल. एकदा तुमच्या ॲपने त्याच्या खात्यात चुकीची नोंद घातली की तो जन्मभर तुमच्या विरोधात, आणि छोट्या कंपनीत मालक शेवटी अकाउंटंटचंच ऐकतो. उपकरणं एमडीएमने, म्हणजे ती दुरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने कुलूपबंद करा, एका ॲपपलीकडे काही उघडता कामा नये. एरवी आठवड्याच्या आत त्यावर लुडो येतो. हरवलं तर दुरून पुसता येणं हाही त्याचाच भाग.

पैशांकडे येते. सुरुवातीला बसवण्याचे एकरकमी पैसे घ्या, अर्धे आगाऊ. त्यानंतर दर उपकरणामागे दरमहा. त्यातच देखभाल धरा, आणि गिऱ्हाइकाला दर दहामागे एक जादा उपकरण विकत घ्यायला लावा. बिघडलेलं त्याच दिवशी बदलायचं, दुरुस्ती मागाहून. समजा महिन्याला ५०० रुपये सांगितलेत. तुमच्या ६० हजारांसाठी १२० उपकरणं चालू हवीत. एका छोट्या गिऱ्हाइकाकडे आठ-दहाच असतात, म्हणजे बारा ते पंधरा गिऱ्हाइकं. त्यात सर्व्हरचा, एमडीएमचा आणि पेट्रोलचा खर्च धरलेला नाही, आणि तुमचा मित्र काही फुकट राबणार नाही. हा हिशेब घाबरवायला मांडलेला नाही, पण पंधरा गिऱ्हाइकं एका वर्षात होत नसतात. मासिक दर जिथे थोडा चढा सांगता येईल तिथे सांगा. शंभर-दोनशे कमी केले म्हणून कुणी वही सोडत नाही.

उद्यम नोंदणी पहिल्या बिलाआधी करून ठेवा. ती फुकट आहे, ऑनलाइन आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. नोंदणी असली की सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदत उलटलेली रक्कम तुम्हाला प्रत्यक्ष दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे त्यांचा सीए तुमच्या बाजूने बोलतो. हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. डिव्हाइस तुमच्या बिलावर नकोत याचं हे आणखी एक कारण. जीएसटी नोंदणी सेवेसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, पण कारखान्यांना भरलेल्या कराचं क्रेडिट हवं असतं, घेऊन टाका. मित्राशी भागीदारीचा करार आणि ॲपचा कोड कुणाचा हे लिहून घ्या, मैत्री असली तरी.

गाळा नको. तुमचं काम गिऱ्हाइकाच्या डॉकवर आहे. मामांना भाडं देण्यापेक्षा दिवाळीला मिठाई द्या.

राहिली नोकरी. बायकोचं बरोबर आहे, पण अर्धंच. साप्ताहिक सुट्टीत गिऱ्हाईक मिळवता येईल, सांभाळता येणार नाही. उपकरण मंगळवारी रात्री दहाला बंद पडतं आणि तेव्हा तुम्ही महापेला ड्युटीवर असता. म्हणून नोकरी करताना एकाच शिफ्टमध्ये चालणारी दोनच गिऱ्हाइकं घ्या, आणि सोमवार ते शनिवार फोन उचलणारा मित्र आहे ना, हे पक्कं करा. या दोघांनी सहा महिने सलग पैसे दिले आणि त्यांच्या ओळखीतून तिसरा आला, की राजीनाम्याची भाषा बोला, वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवून. हातातले पाच लाख त्यासाठीच आहेत. तोवर अपॉइंटमेंट लेटर काढून दुसऱ्या व्यवसायाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मनाई असेल तर बिल मित्राच्या नावाने फाडून पळवाट काढू नका, साहेबांशी बोला. कंपनीच्या गिऱ्हाइकांकडे जाऊ नका, तिथला एकही फॉरमॅट किंवा डेटा सोबत आणू नका. आणि साहेब, वाचत असाल तर, अकरा वर्षांत ज्याने तुमचे स्कॅनर चालू ठेवले तो बाहेरून करारावर तेच काम करायला मिळाला तर तुमचं नुकसान नाही.

पहिल्या गिऱ्हाइकाला ट्रायल फुकट देऊ नका. फुकटच्या उपकरणाला कुणी चार्जिंगलाही लावत नाही. चार आठवड्यांची ट्रायल ठरवा, बसवण्याच्या रकमेतला काही भाग आधी घ्या, आणि एका पानावर लिहा : कुठलं रजिस्टर, सध्या आठवड्याला किती चुका, त्या किती खाली आल्या तर यश धरायचं, आणि वही कुठल्या तारखेला कपाटात जाणार. खाली मालकाबरोबर डिस्पॅच सुपरवायझरचीही सही. आकडा जमला नाही तर उपकरणं डीलरला परत, घेतलेले पैसे तुमच्या मेहनतीचे. जमला तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बिल.